म्हाताऱ्यांची सावड

फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानंच उचलला. अकोल्याच्या एका दालमिलमध्ये हिशेब बघायची नोकरी, आणि तीही मला, चाळिशी उलटल्यावर! "सोमवारपर्यंत कळवा," म्हणाले. तव्यावरची भाकरी जळून काळी पडली. मी ती तशीच वाढली आणि नवऱ्यानं न बघता खाल्ली, कारण तोही माझ्याइतकाच हरखला होता.

मोटार रिवाइंडिंगचं त्याचं दुकान घर चालवतं, पण मुलगी यंदा बारावीला आहे. दुसरा पगार आला नाही तर तिला मिळेल त्या कॉलेजात नव्हे, परवडेल त्या कॉलेजात घालावं लागणार होतं. आणि घरात सासूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या वॉकर धरून कशाबशा न्हाणीपर्यंत जातात, तेही मागे कुणी असेल तर. दिवसभराची बाई ठेवायची म्हटलं तर माझा बहुतेक पगार तिच्याच हाती जाणार. मग रोज बडनेरा स्टेशन गाठून, अकोल्याची गाडी पकडून मी मरमर करायची ती कशासाठी? संताप संताप झाला. पण करायचा कुणावर? सासूबाईंनी काही हौसेनं हाड मोडून घेतलं नव्हतं.

आमची अमरावतीतली गल्लीच आता म्हातारी झाली आहे. पोरं पुण्याला नाहीतर बंगलोरला, तिकडच्या फ्लॅटचे हप्ते भरण्यात गुंतलेली. मागे राहिलेल्या आम्हा बायकांच्या पदराला एकेक म्हातारं माणूस बांधलेलं. शेजारच्या आपाचंच बघा. शिवणात तिचा हात धरणारी बाई मोहल्ल्यात नाही. बाजारातल्या एका दुकानानं तिला कटिंगचं काम देऊ केलं होतं, पण तिची अम्मी पायांनी ठणठणीत आणि डोक्यानं सगळं विसरलेली. "पाठ फिरवली का अम्मी भायेर," आपा म्हणायची. "परवा तं सीधी बसस्टँडवर भेटली!"

त्या रविवारी आमच्या गच्चीवर मूगवड्या घालणं चाललं होतं. उन्हाळ्याची वड्या-पापडांची कामं आमच्याकडे सावडीनं होतात. आज सगळ्या बायका एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. जी तुमच्याकडे राबली तिच्याकडे तुम्ही राबायचं, इतका सरळ मामला. समोरच्या काकूही आल्या होत्या. त्या एकट्याच राहतात, मुलगा पुण्यात, तब्येत खणखणीत. मी धीर करून म्हटलं, "काकू, मी अकोल्याले गेली का दिवसभर आईजवळ बसान का? महिन्याचे पैसे देईन मी."

काकूंचा हात वडीवरच थांबला.

"पैसे? म्हंजे मी तुही कामवाली?"

त्या उठल्या, पदर खोचला आणि जिना उतरून चालत्या झाल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. ज्या गच्चीवर कधी कुणी कुणाला एक रुपया दिला नाही, तिथे बसून मी मजुरी ठरवत होते.

जरा वेळानं काकू पुन्हा वर. चेहरा लाल, आवाज चढलेला. "पापडाच्या सावडीत कोनी पैसे देते का वं? मंग म्हाताऱ्याईच्याच वेळी काहून? घाला ना त्याईची बी सावड!"

आणि मग गच्चीवर असा काही गलका उडाला की वड्या तशाच राहिल्या. म्हातारी माणसं आमच्या घरात आणायची, काकूंसारखे ज्यांचे हातपाय चालतात त्यांनी बघायचं! मी तर टाळ्याच पिटल्या. आपानं तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावला. काकूंची बिलं, बाजारहाट रविवारी मी बघायचं ठरलं आणि आपा त्यांचे ब्लाउज शिवणार होती. एकच गोष्ट मला टोचत होती. सावडीत घेईल त्यानं दिलं पाहिजे. माझ्या सासूसाठी आपा सकाळी येऊन पाणी भरणार, स्वयंपाक करणार, आणि आपासाठी आमच्या घरून कोण काय करणार? मी अकोल्यात, सासूबाई वॉकरवर.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. आपलं ओझं आता गल्लीत वाटलं जातंय, हे त्यांच्या मनाला लागलं असणार, असं वाटून मला फार वाईट वाटलं. तरी मी सोमवारी होकार कळवला.

पहिल्या दिवशी गाडीनं मूर्तिजापूर सोडल्यावर घरी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच. अकोल्याला उतरले. स्टेशनच्या पुलावरून तिसऱ्यांदा लावला, तेव्हा कुठे सासूबाईंचा आवाज आला.

"आई, काहून नाही उचलला फोन? पडल्या तं नाही तुमी?"

"पडाले फुरसत कोनाले हाय?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "आपाची माय बसवली माह्यापाशी. ध्यान हटलं का दाराकडे निघते. मले चालता येत नाही, पन बोलता तं येते! लसून सोलाले देल्ला तिले, अन् मी तिले गोष्टीत गुंतवून राहिली. आपा गेली दुकानात बिनघोर. ठेव आता, मी कामावर हावो."

आणि फोन कट! एरवी मी कोपऱ्यावर भाजीला गेले तरी "कवा येतं?" असं विचारल्याशिवाय त्या मला सोडत नसत. आज त्यांनी ते विचारलंच नाही.