भाच्याचा बेसबॉल आणि माझा आवाज

"तूच जाऊन बघून ये गं, ताई. मला बघवत नाही, छातीत धडधडतं," धाकटी बहीण मनीषा फोनवर म्हणाली. तिचा निनाद अठरा वर्षांचा, जन्म मिल्टन कीन्सचा, आणि क्रिकेट सोडून बेसबॉलच्या नादी लागलेला. रविवारच्या मॅचला खेळाडू हेरणारा अमेरिकन स्काउट येणार होता. त्याला पोरगा आवडला तर तिकडच्या मायनर लीगची, म्हणजे मोठ्या संघांच्या खालच्या पायरीची ट्रायल. पण पाठवायचं की मुकाट्याने युनिव्हर्सिटीत घालायचं, हे मनीषाला ठरवायचं होतं. घरात विकेटकीपिंग केलेली मी एकटीच, त्यामुळे आमच्याकडून स्काउट मी!

लंडनहून मिल्टन कीन्सला जाणार असाल तर युस्टन स्टेशनवरून गाडी आहे. रविवारी रुळांची कामं असतात, ते आधी बघा. मी क्रॉयडनहून न बघताच निघाले आणि भरपूर लटकले. स्टेशनपासून मैदान लांब. रेडवे नावाच्या लाल पायवाटेने चालायचा शहाणपणा केला आणि एकाच पुलाखालून दोनदा गेले. तुम्ही सरळ टॅक्सी करा. मैदानात तिकीट नाही, सावलीही नाही. हॉट डॉग पाणचट, तेव्हा पोळी-भाजीचे रोल न्या.

निनाद शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर. जोरकस फटके बहुतेक त्याच्याच अंगावर. पोरगा सुरेख वाकत होता. स्काउट नेमका माझ्या शेजारी येऊन बसला.

समोरच्यांचा एक रनर तिसऱ्या बेसवर होता, तिथून होम प्लेटला पोचला की रन. बॉल सरपटत निनादकडे आला. बॅटरला आउट करायला तो पहिल्या बेसला फेकणार, एवढ्यात मला होम प्लेटमागे पॅड बांधून बसलेला माणूस दिसला आणि मी बोंबलले, "निनाद, कीपरला दे!"

बेसबॉलमध्ये कीपर नसतो, कॅचर असतो. पण ज्या आवाजात जन्मभर "आधी हात धू" ऐकलं, त्याच आवाजातला हुकूम! निनादने थेट तिकडे फेकला आणि घुसलेला रनर आउट. टाळ्याच टाळ्या.

ब्रेकमध्ये स्काउटने निनादला विचारलं, हे सुचलं कसं? आमचा हरिश्चंद्र म्हणाला, "माय मावशी टोल्ड मी." वर मला, "तू शाउट केली ना, माझा हात आपोआप गेली."

स्काउट हसला. म्हणाला, हात उत्तम, थ्रो उत्तम, पण शॉर्टस्टॉपने प्रेक्षकांना विचारून खेळायचं नसतं. माझे कान लाल झाले.

शेवटी शेवटी पुन्हा रनर तिसऱ्या बेसवर. निनादने हळूच माझ्याकडे बघितलं. मी अख्खा रोल तोंडात कोंबला. बॉल आला, त्याने पहिल्या बेसला फेकला आणि इकडे रन गेला. मी कपाळावर हात मारला.

"बरोबर केलं," स्काउट म्हणाला. "याची टीम चार रनांनी पुढे आहे. एक गेला तर गेला, हुकमी आउट सोडायचा नाही." म्हणजे मी ओरडले असते तर पोराची वाट लागली असती. मॅच संपल्यावर त्याने निनादला ट्रायलला बोलावलं.

क्रॉयडनला घरी पोचते तोच मनीषाचा फोन. "पाठवू का गं?"

"पाठव. चांगला खेळतो. मी गप्प असते तेव्हा जास्त चांगला."

"अगं, पण तिकडे त्याच्या जेवणाचं काय, कपड्यांचं काय..."

मागून निनादची हाक आली, "आई, माझी टॉवेल कुठे आहे?"

मनीषाने बोलायला श्वास घेतलेला मला फोनवर ऐकू आला. पण ती बोलली नाही. मीही नाही. कपाटाची दारं आपटत राहिली.

"मिळाली!" निनाद ओरडला, आणि मनीषा रडायलाच लागली.