वल्हवणाऱ्याने ब्रेक मारला

आमचे हे शाळेची बस चालवतात. चालवतात म्हणजे काय, बहुतेक वेळ थांबवतात. समोर मूल दिसलं की गाडी उभी. मग ते मूल रस्ता ओलांडून, पलीकडे मैत्रिणीशी गप्पा मारून, विसरलेली पिशवी घ्यायला परत आलं तरी यांची हरकत नाही. हॉर्नला हात लावायचं नाव नाही. मुलं दचकतात म्हणे. मुलांनी यांचं नाव कासवकाका ठेवलंय आणि यांना त्याचंच कौतुक. लग्न झाल्यापासून यांच्यासोबत मी कुठेही वेळेवर पोहोचलेले नाही.

शाळेतला सकाळचा नाश्ता बंद पडला तेव्हा मात्र या कासवाला घाई झाली. बरीच मुलं घरून उपाशी यायची आणि नाश्त्याचा खर्च उचलणारं कोणी उरलं नव्हतं. मुख्याध्यापिकाबाईंनी जिममधून बसल्या जागी वल्हवायचं यंत्र मागून आणलं आणि हॉलच्या मधोमध ठेवलं. ना नदी, ना नाव. दांडा ओढायचा, सीट मागेपुढे सरकायची आणि पडद्यावर अंतर वाढत जायचं. कापडवाले शेठ म्हणाले, "यांच्या बसचा सगळा रस्ता, शाळेपासून शेवटच्या थांब्यापर्यंत, मधल्या सुट्टीच्या घंटेआधी पडद्यावर दिसला, तर वर्षभराचा नाश्ता माझ्याकडून. नाही दिसला, तर मी चहा पिऊन घरी." जिमवाल्याने बजावलं, "हात थांबवू नका. जरा वेळ थांबलात की सगळं शून्यावर."

आळीपाळीने सगळे बसले. पी.टी.चे सर रुबाबात बसले आणि कंबर धरून उठले. गणिताच्या बाई ओढण्यापेक्षा उरलं किती हेच जास्त सांगत होत्या. शेवटी यांची पाळी. यांनी आधी सीट पुसली, मागचं बघायला आरसा नाही म्हणून कुरकुर केली आणि दांडा धरला. काय सांगू, माझा माणूस सुसाट निघाला! जन्मात पहिल्यांदा मला यांच्या वेगाचा अभिमान वाटला. पडद्यावर अगदी थोडंसं उरलं होतं.

तेवढ्यात पहिलीतली एक चिमुरडी यंत्राच्या पुढून निघाली. यांचे पाय गच्च, एक हात वर, यंत्र बंद.

"अहो, ओढा!" मी ओरडले.

"मूल जातंय," हे म्हणाले.

ती कोपऱ्यातल्या नळापाशी गेली. ओंजळीने पाणी प्यायली. मग बुटाची नाडी बांधत बसली. परत पाणी प्यायली.

"आता तरी ओढा की!"

"ती परत येणार आहे ना."

ती डुलत डुलत परत आली. तोवर पडदा कोरा झाला होता, आणि यांनी दांडा धरला तोच घंटा झाली.

हॉलमध्ये एकच गोंधळ. मला तर तोंड कुठे लपवू असं झालं. शेठ तरातरा पुढे आले.

"अहो, ही काय गाडी आहे? चाकं तरी आहेत का हिला?"

"गाडी खोटी आहे, शेठ. मूल खरंच होतं."

"आणि ती एवढं पाणी कशाला ढोसत होती?"

हे घामाने निथळत उठले. "रोजच पिते. घरून उपाशी येते. बसमधून उतरली की आधी नळ, मग वर्ग. पोट भरल्यासारखं वाटतं म्हणते."

शेठ नळापाशी गेले आणि तो घट्ट बंद करून आले. मग उगाचच मुख्याध्यापिकाबाईंवर खेकसले, "उद्यापासून नाश्ता सुरू करा! आणि या माणसाला पुन्हा यंत्रावर बसवलंत तर याद राखा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण यांच्यावरचा राग काही गेला नाही. दोन्ही एकदम कसं होतं, ते यांच्याशी संसार करणारीलाच कळेल.

दुसऱ्या दिवशी नाश्ता वाढायला मदत म्हणून मी यांच्याच बसमधून शाळेत गेले. चिमुरडी उतरली आणि सवयीने थेट पटांगणातल्या नळाकडे निघाली. यांनी खिडकीतून हाक मारली, पण पोरांच्या कलकलाटात तिला कुठली ऐकू येणार? तिने नळ सोडला, ओंजळ भरली.

तेव्हा यांनी हॉर्न वाजवला. केवढ्याने! सगळी मुलं दचकली, वॉचमनच्या हातातला चहा सांडला. चिमुरडीने वळून पाहिलं. हे काचेतून स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवत होते.

तिने ओंजळीतलं पाणी सोडून दिलं आणि पळत सुटली.