मासवडीनंतरचा बंधारा

आमच्या संस्थेला पैसा देणाऱ्या ट्रस्टचे साहेब दरवर्षी मुंबईहून अँबेसिडरने जुन्नरला पाहणीला यायचे. आम्ही त्यांना आधी ओझरच्या गणपतीला न्यायचो, मग मासवडीचं पोटभर जेवण घालायचो. त्यांच्या पैशातून आम्ही बांधलेले बंधारे बघायला वेळच उरायचा नाही. एकदा जेवणानंतर साहेबांनी हात पुसले, रुमालाची चौकोनी घडी घातली आणि म्हणाले, “आता फुटलेला बंधारा दाखवा.”

आमचे अध्यक्ष गडबडले. “कुनी सांगितलं, सायेब?”

“कुणी नाही. एवढी मासवडी उगाच कुणी वाढत नाही.”

मदत बंद होणार असं धरूनच आम्ही बंधारा दाखवला. त्यांनी दुरुस्तीचा खर्च मंजूर केला.

पुढच्या वर्षी ते गाडीतून उतरताच आम्ही त्यांना थेट नव्या भेगेपाशी नेलं. साहेबांनी ती वाकून पाहिली, रुमाल काढून हात पुसले आणि विचारलं, “आज मासवडी नाही?”