कोंबडीखालचा खिळा

लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला दोनच कामं मन लावून जमायची. एक भाकरी करपवणं आणि दुसरं बढाया मारणं. भिण्याचं काम मी तिथं गेल्यावर शिकले.

माहेर दापोडीचं, रुळांच्या कडेच्या चाळीतलं. दिवसभर गाड्या धडधडत जायच्या, म्हणून मी स्वतःला शहरातली समजायची. सासर चाकणच्या अलीकडं, मळ्यात. एकटं घर. पुढं मानेइतकी बाजरी, मागं डोंगर. आज त्या डोंगराच्या पायथ्याला कंपन्यांचे पत्रे चमकतात आणि शिफ्टच्या बसगाड्या रात्रभर धावतात. तेव्हा दिवस मावळला की आमच्या अंगणापुढून माणूस जात नसे. जनावरं जात.

सासरी पाठवताना आईनं मला एक कोंबडी दिली होती. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, आणि स्वभाव थेट माझ्या आईचा, कुणाच्या बापाला न भिणारा. आई लोकांची धुणी धुवायची. द्यायला तिच्याकडं दुसरं काही नव्हतं. पिशवीतून कोंबडीची मान बाहेर काढत ती म्हणाली, "हिची पिल्लं निघाली की त्यातली एक तरणी तलंग कोंबडी मला आणून दे. म्हंजी मला कळंल, तुझं तिथं बस्तान बसलं."

झालं! तेव्हापासून त्या कोंबडीच्या पिल्लांवर माझी सगळी अब्रू टांगलेली. ती खात नसली तर मी जेवत नसे. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, एकदा म्हणाल्यासुद्धा, "सून आणली का कोंबडीची करवली?"

दसऱ्याच्या सुमाराला कोंबडी खुडूक झाली. अंगाचा फुगा करून बसायची, उठायचं नाव नाही. आत्याबाईंनी एका पाटीत राख घातली, वर भुसकट पसरलं, अंडी मांडली आणि पाटी खुराड्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेवली. मग मला म्हणाल्या, "परतीचा पाऊस हाय, ढग गडगडत्यात. गडगडलं की अंड्यातला जीव दचकतो अन मरतो. पाटीत लोखंड घाल. चांगलं जड घाल."

आमच्याकडं ही रीतच होती. कुणी कोळसा ठेवी, कुणी लोखंड. मी लोखंड शोधत घरभर फिरले. विळा मामंजींनी शेतात नेलेला, कोयता लाकडात रुतलेला. आणि मग मला तो दिसला, खुराड्याच्या दाराचा खिळा. वीतभर लांब, अंगठ्याएवढा जाड. ह्याच्याहून चांगलं लोखंड ते कुठलं?

आता ते दार कसं होतं ते सांगायला हवं. खुराडं दगडमातीचं, घराच्या भिंतीला लागून. माणूस ओणवा होऊन आत शिरेल एवढं. दार म्हणजे एक जाड फळी, दोन खाचांतून वर-खाली सरकणारी. संध्याकाळी ती खाली टेकवायची आणि फळीच्या व चौकटीच्या भोकांतून खिळा आरपार घालायचा, म्हणजे ती वर उचलली जात नसे. तर त्या शहाण्या पोरीनं खिळा काढून कोंबडीखाली सारला आणि त्याच्या जागी कडब्याचं एक धाट खुपसलं. मनाशी म्हणालीही असेन, कोंबड्या काय फळी उचलून पळून जाणार आहेत? दापोडीला आमची कोंबडी पाटीखाली झाकली की काम संपलं. दार असतं ते कोंबड्यांना आत ठेवायला, असं माझं शास्त्र. ते कुणाला तरी बाहेर ठेवायला असतं, हे त्या ध्यानाच्या डोक्यातच आलं नाही.

"लोखंड घातलं का गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"व्हय," मी ऐटीत म्हणाले. "चांगलं जड."

तीन आठवड्यांनी अंडी फुटायची. तिसरा आठवडा सरत आला तेव्हा एका दुपारी अंडी गोळा करणारे चाचा आले. चाकणचे होते, सायकलला दोन्हीकडं टोपल्या, खेड्याखेड्यातून फिरायचे. एरवी ते आल्याबरोबर पाणी मागायचे. त्या दिवशी सायकल टेकवायच्या आधीच म्हणाले, "आक्का, वरच्या वाडीत काल कुत्रं उचललं. दारातनं. बिबट्या..."

"नाव घेऊ नका!" आत्याबाई ओरडल्या. तिन्हीसांजेला काय, दिवसाढवळ्यासुद्धा त्या हे नाव घेऊ देत नसत. नाव घेतलं की ते येतं. "जनावर म्हना."

"बरं, जनावर. बाजरी काढायला झाली हाय, त्याला लपायला जागा सरली. आता ते घराकडं सरकणार. कोंबड्या नीट कोंडा."

मी मध्येच तोंड घातलं. "आमच्या दापोडीला इंजिनं अंगावर येत्यात चाचा. आमी न्हाई भीत."

चाचा हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इंजिन रुळावरनं येतं, बाई. ह्यो कुठनंबी येतो."

त्या संध्याकाळी घरात आम्ही दोघीच. मामंजी भुईमुगाची गाडी घेऊन बाजाराला गेलेले, मुक्काम तिकडंच. आमचे हे पिंपरीकडं एका कारखान्याच्या बांधकामावर होते, आठवड्यानं एकदा येत. डोंगराच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं. आत्याबाई गोठ्यात धारेला बसल्या आणि मला म्हणाल्या, "फळी लाव अन चुलीकडं ये. रेंगाळू नगंस."

मी अंगणातून जात होते तेव्हा बाजरीतून आवाज आला. करवतीनं लाकूड कापावं तसा. खर्र... खर्र... थोडं थांबून परत खर्र. आणि मी काय म्हटलं असेल मनाशी? म्हटलं, या वेळी बाजरीत कोण सुतार बसलाय! मला नंतर कळलं की तो असाच ओरडतो. चाळीत वाढलेल्या माणसाला करवत म्हणजे सुतार.

फळी लावायच्या आधी माझ्या लाडकीला बघावं म्हणून मी ओणवी होऊन खुराड्यात शिरले. पाटीजवळ कान नेला. अंड्यातून बारीक टुकटुक येत होती. पिल्लं आतून टोचत होती! मला एवढा आनंद झाला की मी तिथंच फतकल मारून बसले.

मग लक्षात आलं की सगळं गप्प झालंय. दांडीवरच्या कोंबड्या माना ताठ करून बसल्या होत्या, एकीचाही पंख हलत नव्हता. दारातून मला अंगण दिसत होतं. आमचं कुत्रं, जे वाटसरूच्या सावलीवरसुद्धा भुंकायचं, ते शेपूट पोटाशी घेऊन बैलगाडीच्या रिकाम्या जागेवर पडलेल्या जुन्या जुवाखाली सरपटत निघालं होतं. भुंकलं नाही. त्याच्या अंगाला नुसतं कापरं भरलं होतं. आणि मग वास आला. ओल्या कातड्याचा, शिळ्या मांसाचा, उग्र.

मला दुसरं काही सुचलं नाही. हात वर केला आणि फळी खाली पाडली.

आत अंधार झाला. फळीच्या फटीतून तेवढा संध्याकाळचा उजेड. त्या उजेडापुढून काहीतरी गेलं. आवाज नाही, पाऊल नाही, नुसता उजेड गेला आणि परत आला. मग फळीच्या खाली, जमिनीला लागून, एक पंजा आला.

तो मोठा होता एवढंच मी सांगू शकते. किती मोठा, ते दर वेळी सांगताना माझ्याकडून वाढतं. मऊ दिसत होता, मांजरासारखा, आणि तेच भयंकर होतं. तो फळीखाली चाचपत राहिला, घरातलं मांजर दुधाच्या झाकणाशी करतं तसा. मग नख्या बाहेर आल्या, लाकडात रुतल्या आणि फळी वर उचलली गेली.

कडब्याचं धाट बाहेर कुठं तरी पडलं असणार. मी दोन्ही हातांनी फळी खाली दाबली, गुडघे टेकले, सगळं अंग तिच्यावर घातलं. पलीकडून श्वास येत होता, गरम, माझ्या बोटांवर. फळी खाली जाई, पुन्हा वर येई. ओरडावं म्हणून तोंड उघडलं तर घशातून नुसती हवा. इंजिनांना न भिणारी बाई!

आणि तेव्हा, अगदी त्या वेळी, मला खिळा आठवला.

तो माझ्या डाव्या हाताच्या अंतरावर होता, कोंबडीच्या पोटाखाली. पण तो काढला आणि वर गडगडलं तर? अंडी फुटायला आलेली, आतली पिल्लं टुकटुकतायत. आईची तलंग त्यांतच कुठं तरी. मी खरंच याचा विचार केला हो. फळीपलीकडं मरण उभं आणि ही पोरगी ढगांचा हिशेब करतेय! फळी पुन्हा उचलली गेली, ह्या वेळी जास्त, आणि पंजा मनगटापर्यंत आत आला.

मी डावा हात पाटीत घातला. तिचे डोहाळे पुरवणारी ती मीच, हे कोंबडीला आठवलं नाही. तिनं अंगठ्याच्या बेचकीत असा टोचा मारला की कातडं निघालं. मी हात काढला नाही. भुसकट, राख, ऊन अंडी, आणि मग गार लोखंड. खिळा ओढला. भोक सापडेना. हात रक्तानं आणि राखेनं निसटत होता. उजव्या खांद्यानं फळी रेटत, बोटांनी चाचपत, सापडलं. घातला.

फळी वर आली, खिळ्याला लागली आणि थांबली. पुन्हा आली, पुन्हा थांबली. पंजा हळूच मागं गेला.

त्याच वेळी वर आभाळ फाटल्यासारखं गडगडलं. मी पाटीवर पालथी पडले आणि दोन्ही हातांनी ती झाकली. जणू माझ्या हातांना ढग घाबरणार होते.

मग परातीचा आवाज सुरू झाला. ठण ठण ठण. आणि आत्याबाईंच्या शिव्या. त्या शिव्या मी इथं लिहीत नाही, नातवंडं वाचतील. पण नाव तोंडात न घेणाऱ्या त्या बाईनं त्याच्या आईपासून सगळ्यांची नावं घेतली. मध्येच मला हाका. "कुठं हायस गं? अगं बोल की! अगं ए पोरी!" अंगणात पंखांची फडफड झाली, एकच आवाज, अर्धा तुटलेला. मग परात वाजतच राहिली, बराच वेळ.

शेवटी माझ्या घशातून "आत्याबाई" असं काहीतरी निघालं.

मी खिळा काढून बाहेर आले तेव्हा त्या खुराड्यापासून हाकेच्या नाही, हाताच्या अंतरावर उभ्या होत्या. एका हातात परात, दुसऱ्यात तुराट्यांची जळती चूड, मशालीसारखी. मला वाटत होतं, त्या घराच्या दारातून ओरडतायत. चुलीपाशी मी दिसले नाही म्हणून त्या अंगणात आल्या होत्या. त्याच्या समोर. पदर खोचलेला, आणि परात धरलेली बोटं उघडेनात. मी एकेक बोट सोडवलं.

"काय नेलं?" मी विचारलं.

"कोंबडा." सरपणाच्या ढिगावर झोपणारा आमचा कोंबडा त्यांनी डोंगरावरच्या वाघजाई देवीला नवसाचा म्हणून बोलला होता. हातातल्या चुडीकडं बघत त्या म्हणाल्या, "तिचं तिनंच न्यायला धाडलं म्हनायचं." मग माझ्या हातातला खिळा त्यांना दिसला. "ह्यो असा राखंनं कसा भरला?"

मी सांगितलं. दुसरं काय करणार?

त्यांनी मला मारलं नाही. तोंडावर हात ठेवून उंबऱ्यावर बसल्या. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. हसता हसता खरंच रडायला लागल्या आणि मग मीही. कुत्रं जुवाखालून बाहेर आलं आणि आमच्या दोघींच्या मध्ये शिरून बसलं, निर्लज्ज.

आभाळ अजून गुरगुरत होतं. आत्याबाई उठल्या, घरात गेल्या आणि भाकरीचं उलथनं घेऊन आल्या. फळी धरून माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "घाल हे तिच्याखाली. अन फळीला खिळा."

"अन भाकरी?"

"तशाबी करपत्यातच की."

पुढचे दिवस मी भाकरी बोटांनी उलटल्या. बोटं भाजली, पण दिवस मावळायच्या आत आम्ही दोघी मिळून फळी लावायचो. एकीनं खिळा घालायचा, दुसरीनं ओढून बघायचा. बाजरी काढून होईपर्यंत तो दोनदा तरी अंगणात येऊन गेला. सकाळी फळीवर नख्यांचे ताजे ओरखडे असत.

पिल्लं निघाली. सगळी नाही. जी निघाली त्यातली एक ठिपक्यांची तलंग मोठी झाल्यावर मी दापोडीला नेली. आईनं तिला उलटीपालटी करून बघितलं, मग माझ्या अंगठ्याजवळचा व्रण बघितला.

"हे काय?"

"जनावरानं मारलं," मी म्हणाले.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगत आले. आत्याबाई होत्या तोवर त्या मागून म्हणायच्या, "व्हय, लई मोठं जनावर. चोच केवढी त्याची!"