बिननावाचा कार्बोरेटर

मी पाना हातात घेतला की आमच्या घरातले लोक त्या वस्तूच्या नावानं आंघोळ करून मोकळे होतात. रेडिओ, स्टोव्ह, सायकल, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांची उत्तरक्रिया माझ्याच हातून झालेली आहे. मुलांना मी हे किस्से रंगवून सांगतो. गाडीचा किस्सा मात्र आजवर अर्धाच सांगत आलो.

बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, त्याच्या पोटातला तो उन्हाळा. मिरजगावात मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यांच्या मागे एक जुनी विलायती मोटार उरली होती. ते ती लग्नात नवरदेवासाठी भाड्यानं द्यायचे. त्या साली लग्नंच आटली. मग मोटारीला एकच काम राहिलं, दर मंगळवारी आईला नगरला दवाखान्यात नेणं.

आईच्या पोटात पाणी व्हायचं. डॉक्टर सुई घालून ते काढायचे, की पुढचे चार दिवस ती आडवी होऊन झोपायची, भाकरीचा कुटका खायची. मंगळवार चुकला की पोट नगाऱ्यासारखं तट्ट व्हायचं आणि आडवं पडताच दम कोंडायचा. एसटीच्या बाकावर तिला बसवत नव्हतं. मोटारीच्या मागच्या सीटवर उशांना टेकवून, पाय लांब करून नेलं तरच ती जाऊ शकायची.

आणि त्या मोटारीचा कार्बोरेटर मी मोडला.

त्यातून पेट्रोल थेंब थेंब गळायचं. गावातला मिस्त्री म्हणाला होता, "गळू द्या गुरुजी, मी वायसर आनतो." पण मी पडलो विज्ञानाचा माणूस. लांब दांड्याचा पाना लावून बोल्ट असा आवळला, की कार्बोरेटरचा कान, म्हणजे बोल्ट बसतो तो कोपरा, कडकन तुटून माझ्या पायावर पडला. त्या दिवशी सोमवार होता. तो मंगळवार गेला.

नगरच्या भंगार बाजारात तसा कार्बोरेटर कुणाकडेच नव्हता. शेवटी एका दुकानदारानं पोत्यात हात घालून एक काढला. नावाची पट्टी उखडलेली, अंगावर ग्रीसचा थर.

"कुठल्या गाडीचा हा?"

"ते त्यालाच इचारा. तुमच्या मोटारीला बसंल, एवढं मला दिसतंय."

मी शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर बरोबर नेला होता. बोल्टांच्या भोकांमधलं अंतर मोजलं, गळ्याचा व्यास मोजला, सगळं वहीत टिपलं. दुकानदार गालावर हात ठेवून बघत होता. म्हणाला, "मास्तर, पोरगी बघाया आलाय का?"

मग मी आतलं जेट काढून पाहिलं. जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, त्याच्या बारीक भोकातून इंजिनाला पेट्रोल मोजून मिळतं. त्यावर एकशेवीसचा आकडा होता. आमच्या मोडक्या कार्बोरेटरच्या जेटवरही एकशेवीसच. पत्रिका जुळली! मी ताठ मानेनं बाजारातून बाहेर पडलो.

घरी येऊन तो बसवला आणि गाडी चालू केली. अंगणभर धूर झाला.

"अहो, किती काळा धूर!" बायको म्हणाली.

"आठवडाभर बंद होती. घसा साफ करतेय."

आई ओसरीवरून म्हणाली, "जाईल ना रं नीट?"

"तू डोळे झाकून बस, आई."

"मी झाकते. तू उगडे ठिव."

मंगळवारी सकाळी निघालो. तासाभरात गाडी गचके द्यायला लागली आणि उघड्या माळावर बंद पडली. प्लग काढले तर चारही काजळीनं माखलेले. पुसून लावले, दोन मैल गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थांबली ती दुष्काळी कामाजवळ, रस्त्याकडेला बायाबाप्ये खडी फोडत होते तिथं. गाडीत पेट्रोलचा वास कोंडला होता. आईला ओकारी झाली. बायांनी हातोड्या टाकल्या, तिला उतरवलं आणि काठ्यांवर पोती टाकून केलेल्या त्यांच्या सावलीत टेकवलं.

"घ्या आत्याबाई, प्या," म्हणत एकीनं मडकं तिच्या तोंडाशी धरलं. पोटात पाणी मावत नव्हतं आणि जीभ मात्र कोरडी पडली होती. आई मागत राहिली. ते मडकं संपलं, दुसरं पुढं आलं. हे सगळं मला नंतर कळलं. मी हवेचा स्क्रू अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर करत होतो आणि प्रत्येक फेरा वहीत लिहीत होतो.

खडी फोडणाऱ्यांतला एक जण जवळ आला. "काय लिवताय?"

"स्क्रूचे फेरे."

"ते ऱ्हाऊ द्या. जेट काडा."

काढून दिलं. त्यानं ते उन्हाकडं धरून पाहिलं. "मी टॅक्सीवर हुतो, गिऱ्हाईक बंद झालं तवा हितं आलो. आमी पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर पळवायचो. त्याला भोक मोठं लागतं. हे कुनीतरी सुई फिरवून मोठं केलंय, म्हनून पेट्रोल जादा जातंय. आकडा तसाच ऱ्हातो, गुरुजी."

सगळं मोजलं होतं मी. मोजायचं राहिलं होतं ते हे एक भोक. त्यानं वायरीतली तांब्याची एक बारीक तार सोलून जेटमध्ये ओवली, दोन्ही टोकं वाकवली. गाडी लगेच सुरू झाली. धूर नाही, गचका नाही. दुपारी तीनला दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी पाणी काढलं. परतताना खडीचं काम आलं तसा आईनं पदर तोंडावर ओढून घेतला. दमली असेल, असं मी धरून चाललो.

त्या आठवड्यात मी मिस्त्रीला शरण जाऊन नवं जेट बसवलं. प्लगांना बिस्किटासारखा रंग आला. चालू इंजिनाच्या बॉनेटवर उभा केलेला खडू पडत नव्हता. मंगळवारी गाडी दारात चालू ठेवून मी आत गेलो.

"चल, आई."

"मी न्हाई येत."

"आता नाही बंद पडायची ती."

"गेल्या येळीबी हेच म्हनला हुतास." मग थांबत थांबत म्हणाली, "त्या बायांची दोन मडकी मी रिती केली. सांजपातूर उन्हात काय प्याल्या असतील रं? एक तर लेकुरवाळी हुती. मला न्हाई आता कुनाच्या तोंडचं पानी प्यायचं."

"आपण घागर बरोबर घेऊ."

"कुटली घागर?"

घरात दोन दिवसांचं मिळून दीड हंडा पाणी होतं.

"तुज्यावर राग न्हाई माजा," आई म्हणाली. "पर मला उटवू नगंस."

राग असता तर मी घालवला असता. वडिलांशी भांडली की तिला कसं हसवायचं, ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. इथं काही चाललं नाही. ती रात्रंदिवस भिंतीला उशा लावून बसून राहिली. बसूनच डुलकी घ्यायची. दर मंगळवारी मी गाडी दारात आणून पाच मिनिटं चालू ठेवायचो, मग परत छपरात नेऊन लावायचो. चौथ्या मंगळवारी गाडी काढावी लागली नाही.