रामदासपेठेत पाठ केलेलं रोम

आमच्या घरातून कोणी परगावी निघालं तर हातावर दह्याचा चमचासुद्धा ठेवत नसत. लिंबू-मिरची, काळी बाहुली, अमावास्या-पौर्णिमा... हे सगळं छप्पन साली धम्म घेतला तेव्हा मागे टाकून आलेलं घर आमचं. मी स्वतः बी.एस्सी. केलं, पुढे शाळेत गणित शिकवलं, आणि वर्गात कोणी भुताचं नाव काढलं की त्याला बाकावर उभं करायचे. तुम्ही इथे लिहिता ते किस्से नात मला मोबाईलवर वाचून दाखवते. मी हसते. म्हणजे, वरून हसते. एक गोष्ट मी आजवर कोणाला पूर्ण सांगितली नाही, ती आज लिहून टाकते. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही नागपूरच्या नंदनवन भागात नवीनच राहायला आलो होतो – आई, बाबा आणि मी. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मोठा भाऊ प्रकाशदादा सहा वर्षांपूर्वी जर्मनीला कारखान्यात लागला होता, तो एकदाही परत आला नव्हता. पत्रं यायची, फोटो नाही. आमच्याकडे त्याचा एकच फोटो होता, पासपोर्टसाठी काढलेला – बारीक कापलेले केस, गुळगुळीत चेहरा, कान बाहेर आलेले.

बाबा मालगाडीचे ड्रायव्हर. त्या वर्षी रिटायर झाले आणि दादानं तिकीट पाठवलं. विमान मुंबईहून रोमला जाणार. दादा रात्रीच्या ट्रेननं रोमला येणार, दोघं मिळून एक दिवस रोम बघणार, आणि मग ट्रेननं जर्मनीला. बाबांच्या सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकात कलोसियमचं चित्र होतं म्हणे. तेव्हापासून त्यांना ते बघायचं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना पोरगा बघायचा होता.

आता बाबांचा स्वभाव सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रेल्वेत ड्रायव्हरला नव्या सेक्शनवर एकदम गाडी देत नाहीत. आधी दुसऱ्या ड्रायव्हरसोबत इंजिनात उभं राहून खेपा करायच्या, सिग्नल कुठे, चढ कुठे, वळण कुठे ते पाठ करायचं, आणि मग सही करून द्यायची की मला हा रस्ता माहीत आहे. याला रोड लर्निंग म्हणतात. बाबांनी आयुष्यात रोड लर्निंग केल्याशिवाय कुठे पाऊल टाकलं नाही. माझी शाळा बदलली तेव्हासुद्धा तीन दिवस आधी शाळेपर्यंत चालून आले होते.

तर रोमचंही रोड लर्निंग करायचं ठरलं. नागपुरात!

दादानं रोमचा नकाशा पाठवला होता, त्यावर लाल पेनानं रस्ता आखून. स्टेशनपासून कलोसियम, तिथून नाणी टाकायचं कारंजं, मग नदीवरचा पूल, पुलापलीकडे मोठं चर्च. मी आईचा शिवायचा दोरा नकाशावर ठेवून अंतरं मोजली, आणि तेवढीच अंतरं नागपुरात बसवली. स्टेशन म्हणजे आपलं स्टेशन. व्हरायटी चौक म्हणजे कलोसियम. धंतोलीच्या बागेतलं बंद पडलेलं कारंजं म्हणजे ते कारंजं – अंतर जुळावं म्हणून मध्ये दोन गल्ल्या जास्तीच्या. आणि रामदासपेठेतला नाग नदीवरचा पूल म्हणजे रोमचा पूल.

"तीन खेपा करू," बाबा म्हणाले. "तिसऱ्या खेपेले सही."

"अहो, मे महिना आहे. डोस्कं फिरलं का तुमचं?" आई.

"गाडी टायमात चालवा लागते. पुलावर अडीचले पोचायचं तं इथंबी अडीचलेच."

आईनं दोघांच्याही खिशात कांदा कोंबला आणि बडबडत आत गेली. एक मात्र ती नेहमी पाळायची, बाबांनी कितीही चिडवलं तरी – निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. काही विसरलं असेल तर धावत पुढे जाऊन द्यायचं. बाबा मुद्दाम फाटकात उभं राहून ओरडायचे, "आवाज दे ना वं मांगून, पाहू काय होते ते!" आणि आम्ही दोघं हसायचो.

माझं काम टायमकीपरचं. हातात घड्याळ आणि दोनशे पानी वही. कुठून कुठे किती मिनिटं, बाबांचा डावा पाय कुठे दुखतो (इंजिनातून पडले होते एकदा, तेव्हापासून थोडा ओढत चालायचे), कुठे रस्ता ओलांडायचा, ओलांडताना काय बघायचं – सगळं मी लिहून घेत होते. ती वही अजून माझ्याकडे आहे. मोठ्या पुलाआधीच्या रस्त्यासमोर माझ्याच अक्षरात लिहिलंय : "थांबणे. उजवीकडे पाहणे. मग पुढे." प्रत्येक खेपेला बाबा तिथे थांबायचे, उजवीकडे बघायचे, पुढे जायचे. तीनदा.

तिसरी खेप. दुपारचे अडीच.

नागपूरच्या मे महिन्यातली दुपार ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. रामदासपेठेच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. बंगल्यांच्या खिडक्यांतून कूलरची घरघर आणि ओल्या खसचा वास. पुलाच्या थोडं आधी कडुनिंबाखाली कोणीतरी पाण्याचे माठ ठेवले होते. बाबा पाणी प्यायला थांबले. मी पुढे गेले, पुलाआधीच्या रस्त्याच्या थोडं अलीकडे उभी राहिले आणि वहीत वेळ लिहिली.

मान वर केली तर बाबा माझ्या पुढे होते.

दहा-बारा पावलांवर, पाठमोरे, रस्त्याच्या अगदी कडेला. मला वाटलं, माझ्या बाजूनं कधी गेले? आणि मग दिसलं की त्यांच्या अंगात कोट आहे. करड्या रंगाचा गरम कोट, पंचेचाळीस डिग्रीत! बाबांकडे कोटच नव्हता. पण डावा पाय तसाच, खांदा तसाच वाकलेला. त्यांच्या बाजूला एक उंच माणूस, केस मानेवर रुळलेले, दाढी – तेव्हा हिप्पी फिरायचे ना, तसा. तो मान वळवून बाबांना काहीतरी सांगत होता.

आणि कूलरची घरघर बंद झाली होती. एका घरची नाही... सगळीकडची. काहीच ऐकू येत नव्हतं. माझ्या पायांना गार लागलं. खाली बघितलं तर डांबर नव्हतं. छोटे छोटे काळे दगड बसवलेला रस्ता, आणि ओला.

मी घाबरले म्हणजे किती घाबरले ते मला लिहिता येत नाही. बाबांनी मान उजवीकडे वळवली, बघितलं, आणि पाऊल रस्त्यावर टाकलं. डावीकडून काहीतरी मोठं येत होतं.

"बाबा! थांबा!"

सगळा जीव एकवटून ओरडले. बाबा अर्धे वळले. त्यांनी मला बघितलं. माझ्याकडे, थेट माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती मला आजही डोळे मिटले की दिसते. मग ते मोठं जे होतं ते समोरून गेलं – आवाज नाही, फक्त वारा आणि डिझेलचा वास.

आणि कूलर सुरू झाले.

"काहून ओरडून राहिली वं शीले? मी तं इथंच आहो."

बाबा मागे होते. कडुनिंबाखाली. हातात पाण्याचा ग्लास, गळ्यात दुपट्टा, अंगात तोच पांढरा सदरा. समोर रस्ता कोरडा ठणठणीत, पलीकडे नाग नदीचा नाला.

ते लगबगीनं आले, कपाळाला हात लावला. "ऊन लागलं तुले." मग खाली बघून म्हणाले, "पाय कायच्यात टाकले?"

माझ्या चपला ओल्या होत्या. मी दोन पावलं मागे सरकले तर डांबरावर ओले ठसे उमटले, आणि आमच्या डोळ्यांदेखत वाळून गेले. बाबांना वाटलं माठाजवळ सांडलेल्या पाण्यात मी पाय टाकला असेल. मी माठाजवळ गेलेच नव्हते.

मीही मग तेच धरून बसले – ऊन लागलं. दोन दिवस तापही आला. आईनं कैरीचं पन्हं पाजलं, मला तेवढं कारण पुरेसं होतं. बाबांनी वहीच्या शेवटच्या पानावर सही केली : "मला हा रस्ता माहीत आहे."

ऑगस्टमध्ये शिंप्याकडून बाबांचा कोट आला. आईनं पिशवीतून बाहेर काढला आणि माझ्या हातातली कपबशी खाली पडली. करडा. तोच.

त्या दिवशी मी बाबांना सगळं सांगितलं. रडत रडत सांगितलं, म्हटलं जाऊ नका, निदान त्या पुलाकडे जाऊ नका, निदान हा कोट तरी घालू नका.

बाबांनी शांतपणे ऐकलं. "संगं कोण होतं म्हणते?"

"कोणीतरी हिप्पी. दाढीवाला."

बाबा खो खो हसले. "मंग तो मी नोहो. मी हिप्प्यासंगं काय करून राहिलो तिथं? माह्यासंगं माहा प्रकाश राहीन." मग डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आन् पाह्य, तू आवाज देल्ला, मी थांबलो. म्हंजे चांगलंच झालं ना?"

आई दारात उभी होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, "मांगून हाक मारली तू?" मी हो म्हटलं. ती तशीच आत गेली.

सप्टेंबरच्या शेवटी बाबा गेले. स्टेशनवर मी तोंडावर रुमाल दाबून उभी राहिले, गाडी हलली तरी एक शब्द काढला नाही.

तार आली ती दुपारी. आईला वाचता येत नव्हतं. पोस्टमननं पाकीट माझ्या हातात दिलं आणि ते उघडायच्या आधीच मी रडायला लागले. बाबांसाठी. मला माहीतच होतं ना! आईनं बांगड्या काढायला हात लावला होता. मग मी तार वाचली, आणि त्यात प्रकाशदादाचं नाव होतं.

तार आल्यापासून बाराव्या दिवशी बाबा अस्थी घेऊन परत आले. कोट कुठे आहे ते कोणी विचारलं नाही. दोन-तीन महिने ते कामापुरतंही धड बोलत नव्हते. मग थंडीत एका सकाळी अंगणात बाजेवर ऊन खात बसले होते, मी चहा घेऊन गेले, तर आपणहून बोलायला लागले.

रोममध्ये त्या दिवशी सकाळपासून दादानं त्यांचा हात सोडला नव्हता. तिकडे गाड्या आपल्या उलट्या बाजूनं चालतात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघावं लागतं. दादाला सवय होती, त्यामुळे पत्रात लिहायचं त्याला सुचलं नाही. आणि आम्ही? आम्ही तीन खेपांत बाबांना उजवीकडे बघायचं पक्कं पाठ करून दिलं होतं. पूल दिसला तसे बाबा खूश झाले. इथून पुढे मले मालूम आहे म्हणाले, हात सोडवून घेतला, थांबले, उजवीकडे बघितलं आणि पाऊल टाकलं.

"प्रकाश माह्याकडे झेपावला. धरलंच असतं त्यानं मले," बाबा म्हणाले. "तेवढ्यात मांगून तुहा आवाज आला. मी वळलो अन् मांगं सरकलो. त्याच्या हाती माहा हात लागलाच नाही. तो तसाच पुढं गेला. डावीकडून बस होती."

बाबांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"निळ्या पट्ट्याच्या चपला होत्या तुह्या पायात. हातात वही. रस्ता ओला होता, सकाळी पाऊस येऊन गेल्ता."

त्या मे महिन्यातल्या चपला जुलैतच तुटल्या होत्या, मीच फेकल्या होत्या.

मी गणिताची बाई आहे. चाळीसहून जास्त वर्षं हे गणित मांडून बघते आहे. हाक मारली नसती तर दादानं बाबांना ओढून घेतलं असतं आणि दोघं वाचले असते? की दोघंही गेले असते? मी तिथे कशी होते? बाबा तर सप्टेंबरमध्ये थांबले, मी मे महिन्यात ओरडले होते. रामदासपेठेच्या त्या पुलावरून मी आजही जात नाही, रिक्षावाल्याला लांबून घ्यायला लावते. आणि नात शाळेत निघाली, डबा विसरली, तरी मी मागून हाक मारत नाही. या गुडघ्यांनी धावत पुढे जाते. ती हसते मला.

बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. मला त्यांनी कधी एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त त्या सकाळी, चहा गार झाल्यावर, एकदाच विचारलं.

"शीले, दोघं होतो ना वं आमी तिथं. तू मलेच काहून आवाज देल्ला? त्याले काहून नाही?"

मी म्हटलं, आठवत नाही बाबा.

मला सगळं आठवत होतं. दादा माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता, त्याचा दाढीतला अर्धा चेहरा मला दिसला होता, आणि मी त्याला ओळखलं नव्हतं. हे मी बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.