पिंपळाच्या पानाची पत्रिका

साखरखेर्ड्याच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो तेव्हापासून अर्ध्या गावाचे गणपती मीच काढत आलोय. लग्नघराच्या भिंतीवर, दुकानाच्या पाटीवर, पत्रिकेच्या माथ्यावर. मी बौद्ध आहे हे गावाला ठाऊक, आणि सोंडेची गोलाई माझ्याइतकी कोणाला जमत नाही हेही ठाऊक. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

शाळेतला क्लार्क, ज्याला सगळे बाबू म्हणतात, तो माझा वीस वर्षांचा दोस्त. आमची दोस्ती झाली माझ्या लग्नात. माझी नवरी पांढऱ्या साडीत उभी राहिलेली पाहून त्याचा चेहराच पडला, कारण त्याच्या घरात पांढरं म्हणजे दुःखाचं. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आमच्याकडे हाच मंगल रंग. तेव्हापासून आम्हाला चाळाच लागला. तो मला कलशावरच्या नारळाचा अर्थ सांगायचा, मी त्याला चक्राच्या आऱ्यांचा. पिंपळाचं पान मात्र दोघांचंही निघालं. त्याची आई पिंपळाला पाणी घालायची, आमच्या विहारात त्याच पिंपळाखाली वंदना व्हायची. खुणा समजल्या की माणूस समजला, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगायचो. माझी अक्कल तेवढीच.

बाबूच्या बायकोला भाऊ नाही. त्यांची मुलगी बोलायला लागली तशी मला मामा म्हणायला लागली. लग्नात मामा नवरीला मांडवात आणतो आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. तिची पिवळी साडीही मामाकडचीच. तिथे मास्तरच उभा राहील, असं बाबू चार लोकांत सांगायचा. मी ते मनावर घेतलं होतं. लग्न ठरल्याबरोबर बायकोला घेऊन चिखलीला गेलो आणि पिवळी साडी आणली.

पुढच्या आठवड्यात बाबूनं माझ्याकडून पत्रिकेसाठी दोन चित्रं मागितली. एक गणपती, आणि दुसऱ्या पत्रिकेसाठी एक पिंपळाचं पान, मधोमध चक्र. तुमच्या लोकांनाही आपलं वाटलं पाहिजे, म्हणाला. मला भरून आलं. रविवारभर बसून दोन्ही काढली. पानाच्या शिरा तर इतक्या बारीक काढल्या की डोळे दुखायला लागले. बायको चहा घेऊन आली, दोन्ही कागद पाहिले आणि एवढंच म्हणाली, "लग्न एकच आहे ना? मंग पत्रिका दोन काऊन?"

मी तिच्यावर चिडलो. तुला सगळीकडे खोटच दिसते म्हणालो.

पत्रिका आली ती पानाची. तिच्यावर फक्त दुसरबीडच्या लॉनवरचा संध्याकाळचा स्वागत समारंभ छापलेला होता. सकाळच्या लग्नाचा उल्लेख नव्हता, पण मला त्यात काही खटकलं नाही. घरच्या माणसाला लग्नाची वेळ पत्रिकेतून कशाला कळवायची? मी ती कपाटाच्या काचेला आतून लावून ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली.

लग्नाला चार दिवस राहिले असताना एका सहकाऱ्याच्या टेबलावर दुसरी पत्रिका दिसली. वर माझा गणपती. खाली सकाळचं लग्न, घरच्या पंगतीचं आग्रहाचं निमंत्रण, आणि 'मामा' म्हणून बाबूच्या बायकोच्या कुठल्याशा चुलत भावाचं नाव. मी ते नाव वीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. माझ्या हातचा गणपती त्या घरात जाणार होता, पाटावर बसणार होता. मला मात्र संध्याकाळी यायचं होतं.

मी पत्रिका घेऊन बाबूकडे गेलो. तो रजिस्टरातून मान वर काढेना. मुलाकडचे पाव्हणे जुन्या वळणाचे आहेत, म्हणाला. मग जरा रागानंच म्हणाला, "तुह्यासाठी अलग छापली बे. मानच देल्ला ना तुले."

मला तो राग फार लागला. लाजला असता तर मी कदाचित माफही केलं असतं. आणि स्वतःचा संताप आला तो वेगळाच. मला बाहेर ठेवायची खूण माझ्याच हातानं काढून दिली होती मी, शिरांसकट. तीही आमच्या दोघांच्या पानाची.

संध्याकाळी जायचं नाही असं ठरवलं होतं. पण पोरीचा काय दोष, असं बायकोच म्हणाली, तेव्हा साडी पिशवीत घातली आणि गेलो. स्टेजवर मुलगी पाया पडायला वाकली आणि तशीच वर न बघता म्हणाली, "मामा, सकाळी काऊन नाही आले? बाबा म्हणे, शाळा होती तुम्हाले."

बाबू शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. हो म्हण, असं त्याचे डोळे सांगत होते. वीस वर्षांत त्यानं मागितलं आणि मी दिलं नाही असं कधी झालं नव्हतं.

"आज रविवार आहे, बाई," मी म्हणालो. "मले सकाळचं बोलावणंच नव्हतं."

ती हळूहळू उभी राहिली आणि बापाकडे बघायला लागली. फोटोवाला समोर बघा, समोर बघा म्हणत होता. बाबू शेला सारखा करत राहिला. मी पिशवीतून साडी काढून तिच्या हातात दिली. तिनं घडी थोडी उकलून रंग पाहिला आणि तिला रडू आलं, कारण ती साडी नेसायची वेळ सकाळीच निघून गेली होती.